परतीचा करार

‘सरकारच्या पैशावर शिकायचे आणि मग साहेबाच्या देशात जाऊन बसायचे, हा कसला न्याय?’ असा प्रश्न मध्यमवर्गीय बैठकीत नेहमी विचारला जातो. परवा माधवनगरच्या पेठेत एका निवृत्त अधिकाऱ्याने तो मला विचारला. निमित्त आमच्या वस्तीतल्या एका पोराचे होते. त्याचा आजोबा सूतगिरणीत कामाला होता. बाप सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती उचलतो. पोराने कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात रसायनशास्त्रात एम.एस्सी. केले. आता पीएच.डी.साठी त्याच्याकडे दोन पत्रे आली आहेत, एक अमेरिकेचे आणि एक जर्मनीचे. ज्या गृहस्थाने प्रश्न विचारला त्याचे दोन्ही मुलगे न्यू जर्सीला आहेत. त्यांच्याबाबत हा प्रश्न त्याला कधी पडलेला नाही.

तथापि पोराने मला वेगळाच प्रश्न विचारला. ‘सर, कुठे जाऊ? आणि गेलो तर परत येऊ का?’ या दोन प्रश्नांचे उत्तर देण्याचा अधिकार मला नाही. पण हे प्रश्न आपल्या समाजात पहिल्यांदा विचारले जात नाहीत. त्यांना शंभर वर्षांहून अधिक इतिहास आहे, आणि तो आपल्या मुलांना सांगितला जात नाही. बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी आपण पाठ म्हणून दाखवतो. त्या पदव्यांसाठी पैसा कोणी दिला, कोणत्या अटीवर दिला, आणि परत आल्यावर काय झाले, हा भाग भाषणातून गळतो.

ही हकिकत आपल्याच मुलखापासून सुरू होते. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात भीमरावांचे नाव घातले गेले. पुढे मुंबईला हायस्कुलात संस्कृत शिकण्याची त्यांची इच्छा होती. ती मिळाली नाही आणि पर्शियन घ्यावे लागले. म्हणजे कोठे शिकावे याच्याही आधी काय शिकावे, याचा निर्णय दुसऱ्या कोणीतरी करून ठेवला होता. एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाल्यावर 1913 च्या आरंभी ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले आणि थोड्याच दिवसांत, 2 फेब्रुवारी 1913 रोजी, वडील रामजी सुभेदार वारले. त्याच वर्षी सयाजीराव महाराजांनी परदेशी शिक्षणासाठी त्यांना शिष्यवृत्ती दिली. 4 जून 1913 रोजी करारावर सही झाली. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परत आल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी.

ही शेवटची अट नीट पाहिली पाहिजे. आज ज्याला ‘बाँड’ म्हणतात तोच हा. सयाजीरावांच्या औदार्याबद्दल मला किंचितही शंका घ्यावयाची नाही. त्या काळी एका अस्पृश्य तरुणाला न्यूयॉर्कला पाठवणारा राजा हिंदुस्थानात दुसरा नव्हता. परंतु शिष्यवृत्ती देणाऱ्याने ज्ञान आणि नोकरी यांची गाठ मारली होती. माणूस शिकून संस्थानात येईल, हिशेब पाहील, असे गृहीत होते. त्या माणसाला संस्थानच्या राजधानीत राहायला खोली कोण देणार, हा प्रश्न करारात नव्हता.

न्यूयॉर्कमधली तीन वर्षे सर्वांना ठाऊक आहेत. 1915 मध्ये एम.ए. झाले. 9 मे 1916 रोजी गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात जातिसंस्थेवरचा निबंध वाचला. हिंदुस्थानच्या राष्ट्रीय उत्पन्नावरील प्रबंध पुरा करून ते 1916 च्या ऑक्टोबरात लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इनमध्ये दाखल झाले. इतक्यात शिष्यवृत्तीची मुदत संपली. काम अर्धे टाकून परतावे लागले. महायुद्ध चालू होते. पुस्तकांचे सामान वेगळ्या बोटीने पाठवले होते. ती बोट पाणतीराने (टॉर्पेडोने) बुडाली. 21 ऑगस्ट 1917 रोजी ते मुंबईला उतरले. बडोद्याला जायला पैसे नव्हते. बुडालेल्या सामानाबद्दल टॉमस कुक कंपनीकडून जी भरपाई मिळाली तिच्यातून प्रवासाची सोय झाली, असे चरित्रकार सांगतात. विद्येची नौका बुडाली आणि तिच्या नुकसानभरपाईवर विद्वान करार पाळायला निघाला.

बडोद्यात काय घडले ते बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. परदेशातल्या पाच वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसून गेली होती, असे ते सांगतात. स्टेशनवर उतरल्यावर ती पुन्हा उभी राहिली. जावे कोठे? हिंदू हॉटेलात घेणार नाहीत. पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले दहाबारा पारशी दारात आले आणि संध्याकाळपर्यंत जागा खाली करण्याची ताकीद देऊन गेले. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती, असे दोन परिचित होते. दोघांनीही आपापल्या परीने घर नाकारले. कामाठीबागेत वेळ काढून रात्रीच्या गाडीने बाबासाहेब मुंबईला परतले. दहा वर्षांची अट अकरा दिवसांत संपली.

आमच्या इतिहासलेखनात हा प्रसंग अपमानाचा प्रसंग म्हणून येतो. तो आहेच. पण ‘परदेशी शिकलेल्यांनी परत यावे की नाही’ या वादातला तो सर्वांत महत्त्वाचा पुरावाही आहे. कराराची एक बाजू पाळायला माणूस आला होता. दुसरी बाजू पाळायला गाव तयार नव्हते. ‘ब्रेन ड्रेन’चा हिशेब मांडणारे अर्थशास्त्रज्ञ पगार, प्रयोगशाळा आणि संशोधनाचा निधी मोजतात. खोली मोजत नाहीत.

दुसऱ्या खेपेला बाबासाहेब गेले ते वेगळ्या रीतीने. नोव्हेंबर 1918 पासून सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसा साठवला, मार्च 1920 मध्ये राजीनामा दिला. शाहू महाराजांनी दीड हजार रुपये दिले, मित्र नवल भथेना यांच्याकडून पाच हजारांचे कर्ज घेतले. या वेळी नोकरीची अट कोणाचीच नव्हती. 1921 मध्ये एम.एस्सी., 1923 मध्ये डी.एस्सी. झाले. (या पदव्यांत ‘सायन्स’ असले तरी विषय अर्थशास्त्राचा होता, हे आपल्या काही वक्त्यांना अजून सांगावे लागते.) मध्यंतरी जर्मनीत बॉन विद्यापीठात शिकण्याचाही त्यांचा बेत होता. अखेर एप्रिल 1923 मध्ये ते मुंबईला आले आणि त्यांनी वकिली निवडली. वकिलाला वरिष्ठ नसतो, त्याला कोणी बडतर्फ करू शकत नाही. त्या निवडीमागे बडोद्याचे अकरा दिवस होते, असे मला वाटते. कोलंबियाची पीएच.डी. प्रांतिक अर्थव्यवहारावरचा ग्रंथ छापून दिल्यानंतर 1927 साली रीतसर मिळाली.

त्याच सुमारास याच मुलखातून इतरही माणसे समुद्रापार गेली, आणि ती शुद्ध विज्ञानासाठी गेली. कोल्हापूरचे विष्णू वासुदेव नारळीकर केंब्रिजहून परतताच 1932 मध्ये मालवीयांनी त्यांना बनारसला बोलावून घेतले आणि गणिताचा विभाग हाती दिला. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे 1936 मध्ये लंडनला संख्याशास्त्रात पीएच.डी. झाले, परत येऊन कृषी संशोधनात पाय रोवले, मग 1950 नंतरच्या दशकात रोमला अन्न व शेती संघटनेत गेले आणि 1970 नंतर पुण्याला परतले. कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, यांना बंगलोरच्या संस्थेत बाई म्हणून आधी नाकारले गेले होते. त्या 1939 मध्ये केंब्रिजच्या पीएच.डी. होऊन आल्या आणि मुंबईच्या विज्ञानसंस्थेत त्यांनी नीरेवर व कडधान्यांवर काम केले. कमलाबाईंना सोसावे लागले ते कमी लेखण्याचे कारण नाही. या सर्वांची विद्वत्ता निर्विवाद आहे. परंतु जाणे, येणे, पुन्हा जाणे, पुन्हा येणे ही मुभा त्यांना होती. त्यांच्यासाठी आलेली पत्रे ओळखीच्या, सजातीय, सुशिक्षित वर्तुळातून येत होती. परतल्यावर उतरायला पुण्यात आप्तांचे घर होते. अशा माणसाने परत येण्याला ‘त्याग’ म्हणतात. आमच्या माणसाच्या परतण्याला तोच शब्द लावला तर त्याचा अर्थ फार वेगळा होतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. विज्ञानासाठी दलित मुलांनी परदेशी जावे, हा विचार पहिल्यांदा ठामपणे कोणी मांडला? जुलै 1942 मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि 29 ऑक्टोबर 1942 रोजी त्यांनी लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे एक निवेदन दिले. त्यातला शिक्षणाचा भाग मी आमच्या विद्यार्थ्यांना दरवर्षी समजावून सांगतो. त्यांचे म्हणणे असे की, कला आणि कायदा यांचे शिक्षण अस्पृश्यांना फारसे तारणार नाही. त्यांना हवे ते विज्ञान आणि तंत्रशास्त्राचे उच्च शिक्षण, आणि नेमके तेच त्यांच्या ऐपतीबाहेर आहे. म्हणून देशातल्या विद्यापीठांत विज्ञान-तंत्रशास्त्र शिकणाऱ्या मुलांसाठी वर्षाला दोन लाख, आणि इंग्लंड, युरोप, अमेरिका व वसाहतींतल्या विद्यापीठांत त्याच विषयांसाठी पाठवायच्या मुलांसाठी वर्षाला एक लाख, अशी त्यांनी मागणी केली.

मागणी करणारा माणूस स्वतः बॅरिस्टर होता, अर्थशास्त्रज्ञ होता. आपल्याच विद्याशाखा पुरेशा नाहीत असे तो सरकारला लेखी सांगत होता. यामागे भावना नव्हती, हिशेब होता. वकील आपल्या जातीची बाजू मांडू शकतो, पण खाण, वीज, रसायन, पोलाद यांच्या कारभारात ज्यांचे कोणी नाही त्यांना नव्या उद्योगधंद्याच्या देशात पुन्हा झाडूच मिळणार, हे मजूरखात्याच्या खुर्चीवरून त्यांना दिसत होते. 1944 पासून अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची केंद्रीय योजना सुरू झाली आणि काही मुले परदेशीही गेली. आपली पहिली शिकलेली पिढी मात्र बव्हंशी वकिली, मास्तरकी आणि सरकारी कचेरी यांतच गेली. विज्ञानाच्या प्रयोगशाळेला घरचा पैसा लागतो, लहानपणापासूनची शाळा लागते, आणि दोन वेळा नापास होऊनही घरात कोणी नोकरीचा तगादा लावणार नाही अशी उसंत लागते. ती उसंत आमच्याकडे नव्हती.

पाठोपाठ एक दुखरी गोष्टही आली. 18 मार्च 1956 रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्यांनीच मला दगा दिला, अशी वेदना बोलून दाखवली असे सांगतात. हे वाक्य तेव्हापासून आपल्या प्रत्येक पदवीधराच्या मानेवर बसलेले आहे. सभेत ते आपण एकमेकांना फेकून मारतो. माझ्या मते ते सचिवालयात खुर्ची मिळताच वस्तीकडे पाठ फिरवणाऱ्यांना उद्देशून होते. ज्याला देशात प्रयोगशाळेचे दारच उघडले नाही अशा पोराला उद्देशून ते नव्हते. दोहोंत भेद केला पाहिजे. हल्ली तो केला जात नाही.

1954-55 पासून केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती सुरू झाली. कित्येक दशके तिचा लाभ मिळणाऱ्यांची संख्या इतकी थोडी होती की जिल्ह्याजिल्ह्यात तिचे नाव कोणाला ठाऊक नसे. मला स्वतःला ती माहीत झाली तेव्हा माझे वय उलटून गेले होते. अर्जाचा नमुना मागायला मी ज्या कचेरीत गेलो तेथील कारकुनाने ‘अशी काही योजना नसते’ म्हणून परत पाठवले होते. त्याला बिचाऱ्याला खरोखरच ठाऊक नसावे. याच काळात आपल्याच जिल्ह्यातल्या वाटेगावचे अण्णाभाऊ साठे 1961 मध्ये रशियाला जाऊन आले. त्यांच्याजवळ शाळेचाही दाखला नव्हता. परदेश पाहिलेला दलित म्हणून कित्येक वर्षे आमच्याकडे बाबासाहेबांनंतर त्यांचेच नाव घेतले जाई.

सवर्ण तरुणांसाठी खरा दरवाजा 1965 मध्ये उघडला. अमेरिकेने आपला स्थलांतराचा कायदा बदलला, वंशावर आधारलेले कोटे काढून टाकले, आणि शिकलेल्या माणसाला वाट दिली. आय.आय.टी., वैद्यकीय महाविद्यालये व विज्ञानसंस्था यांतून गेलेली पहिली लाट ही होती. त्या लाटेत आपण जवळजवळ नव्हतो. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या 2003 च्या एका पाहणीत अमेरिकेतल्या भारतीय स्थलांतरितांपैकी दलित व खालच्या जातींतले लोक फक्त दीड टक्का निघाले. विज्ञानात अमेरिकी डॉक्टरेट मिळवणाऱ्या भारतीयांपैकी ऐंशी टक्क्यांच्या आसपास लोक पाच वर्षांनंतरही तेथेच असतात, असे तेथील पाहण्या सांगतात. तेव्हा ‘सरकारच्या पैशावर शिकून गेले’ हा आरोप करावयाचाच असेल तर पत्ता नीट पाहून करावा.

कोल्हापूर-सांगलीकडच्या मुलांनी गेल्या वीसपंचवीस वर्षांत एक निराळी वाट काढली आहे, तिची नोंद कोणी फारशी घेत नाही. शिवाजी विद्यापीठात पातळ थरांच्या पदार्थविज्ञानाचे काम जुने आहे. तेथून पीएच.डी. झालेली पुष्कळ मुले पुढच्या संशोधनासाठी दक्षिण कोरियाला जातात. एक गेला की तो दुसऱ्याचे नाव आपल्या प्राध्यापकाला सांगतो. बनारसला पत्र पाठवणारे वर्तुळ पूर्वी एका जातीचे होते. हे वर्तुळ खेड्यातल्या शेतकऱ्यांच्या पोरांचे आहे, आणि त्यात आपलीही काही पोरे शिरली आहेत. कोठे जावे हे जगाच्या क्रमवारीवरून ठरते असे वर्तमानपत्रे म्हणतात. प्रत्यक्षात ते आपल्या आधी कोण गेले आहे यावरून ठरते. ज्यांच्या आधी कोणीच गेलेले नाही त्यांनी काय करावे?

त्यांना पैशाचे गणित तरी कळले पाहिजे. विज्ञानातील पीएच.डी.ला अमेरिकेत बहुधा फी माफ होते आणि शिकवण्याच्या वा संशोधनाच्या कामाबद्दल दरमहा रक्कम मिळते. जर्मनीत सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिक्षणशुल्क नाही, आणि शास्त्र विषयांत पुष्कळदा अर्धवेळ किंवा पाऊणवेळ नोकरीचा करारच मिळतो. म्हणजे गरिबाच्या पोराला विज्ञानाची पीएच.डी. ही एम.बी.ए.पेक्षा सोपी वाट आहे. अडते ते पहिल्या पायरीवर: परीक्षांची फी, अर्जांची फी, व्हिसा, विमानाचे तिकीट, पहिल्या महिन्याचे भाडे. दोन-तीन लाखांची ही रक्कम आमच्या घरात नसते आणि तारण ठेवायला जमीन नसते. बाबासाहेबांनी 1942 मध्ये मागितलेला पैसा नेमका या पायरीसाठी उपयोगी पडला असता.

आणि परत आल्यावर? 2019 च्या सुमारास संसदेत दिलेल्या आकड्यांप्रमाणे तेवीस आय.आय.टीं.मधील 6,043 अध्यापकांत अनुसूचित जातींचे 149 आणि जमातींचे 21 होते. केंद्रीय संस्थांतील अध्यापकांच्या आरक्षणाचा कायदा त्याच वर्षी झाला. दिल्लीच्या एम्समध्ये विद्यार्थ्यांना जातीवरून वेगळे पाडले जाते, हे थोरात समितीने 2007 मध्येच लिहून ठेवले होते. हैदराबादच्या विद्यापीठात संशोधन करणारा रोहित वेमुला 17 जानेवारी 2016 रोजी गेला. त्याला विज्ञानलेखक व्हावयाचे होते. बडोद्याच्या धर्मशाळेचे दार बंद झाले, पण वसतिगृहे उरली.

तिकडे जात सुटते, असा भ्रम मात्र मुलांनी ठेवू नये. सामानाबरोबर तीही जाते. 2020 मध्ये कॅलिफोर्निया राज्याने एका दलित अभियंत्याच्या तक्रारीवरून सिस्को कंपनीवर खटला भरला. ज्यांच्यावर आरोप होता ते वरिष्ठही भारतीय होते. त्या दोघांविरुद्धचा भाग राज्याने 2023 मध्ये मागे घेतला. त्याच वर्षी 21 फेब्रुवारीला सिएटल शहराने जातिभेदाला कायद्याने बंदी केली. अमेरिकेतले असे ते पहिले शहर. ऑक्टोबरात कॅलिफोर्नियाच्या राज्यपालांनी तसल्याच विधेयकावर नकाराधिकार वापरला. बाबासाहेबांच्या काळी न्यूयॉर्कमध्ये त्यांची जात विचारणारे हिंदुस्थानी मोजकेच होते. आज तेथे ते प्रत्येक खात्यात आहेत. एका अर्थी 1913 चे न्यूयॉर्क आपल्याला पुन्हा मिळणार नाही.

राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या जागा आता 125 आहेत, त्यांत तीस टक्के मुलींसाठी. परंतु 2022 मध्ये नियमात एक भर घातली गेली: भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास यांसाठी ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. वरकरणी हे बाबासाहेबांच्या 1942 च्या मागणीसारखे दिसते, त्यांनीही विज्ञानावरच भर दिला होता. पण त्यांनी मागितले होते ते दार उघडण्यासाठी. हा नियम दुसरे दार लावण्यासाठी आहे. 9 मे 1916 चा जातिसंस्थेवरचा निबंध ज्याला पुढे वाढवायचा असेल त्याला हा पैसा मिळणार नाही. रसायनशास्त्राच्या पोराला मिळेल, आणि तोही नक्की कधी ते सांगता येत नाही: 2025 च्या जुलैत निवड झालेल्या 106 जणांपैकी पहिल्या फेरीत चाळीसांनाच पत्रे गेली, बाकीच्यांना निधी उपलब्ध झाल्यावर, असे सांगण्यात आले.

हे सारे मी पोराला एका संध्याकाळी सांगितले. त्याची आई दाराशी बसून ऐकत होती. तिला क्रमवारीचे, शिष्यवृत्तीचे काही विचारायचे नव्हते. बडोद्याची गोष्ट संपल्यावर तिने एवढेच विचारले, ‘तिकडं आपल्याला खोली देत्यात न्हवं, सर?’

पोराने जर्मनी निवडले. कारण त्याने सांगितले ते साधे होते: तिथे नोकरीचा करार आधी हातात येतो, घरून पैसे मागवावे लागत नाहीत, आणि त्या प्रयोगशाळेत इचलकरंजीचा एक मुलगा आधीपासून आहे. तिकिटासाठी वस्तीतल्या लोकांनी पैसे गोळा केले. बापाने हमालांच्या पतपेढीतून कर्ज काढले. कोणी त्याच्याकडून काही लिहून घेतले नाही. सप्टेंबरात तो गेला. खोली मिळाली, स्वयंपाकघर चौघांत आहे, प्रयोगशाळा आठला उघडते, असे त्याने कळवले आहे. परत येण्याविषयी त्याने काही लिहिलेले नाही, आणि मीही विचारलेले नाही.